हरवलेली पोथी परत कशी उभी राहिली : बोरी, गंगाखेड आणि बॅकअपची परीक्षा

यादवकाळावर किंवा प्राचीन मराठी साहित्यावर काम करायचं ठरवलंत, की पहिल्या दोन महिन्यांतच एक शब्द तुमच्या मागे लागतो : पाठभेद. तुम्ही लीळाचरित्र उघडता, चक्रधरस्वामींचा एखादा प्रसंग वाचायला घेता, आणि मजकूर मध्येच थांबून सांगतो की हाच प्रसंग अमक्याच्या आठवणीप्रमाणे जरा वेगळा आहे. कुठे एखादं नाव येतं, कुठे नुसतं ‘शोधु’ किंवा ‘वासना’ असं लिहून दुसरी हकीकत दिलेली असते. नवा विद्यार्थी इथं वैतागतो. यातलं खरं कोणतं धरायचं, हा त्याचा प्रश्न. आणि बहुतेक वेळा मिळणारं उत्तर असतं, ‘मुख्य संहिता वाच, पाठभेद तळटीपेत टाक.’

या सल्ल्याशी माझं भांडण आहे, आणि ही नोंद त्या भांडणाबद्दल आहे. माझं म्हणणं असं की लीळाचरित्रातले हे पाठभेद म्हणजे एका मोठ्या नुकसानीनंतर माहिती परत उभी करताना ठेवलेली कामाची नोंदवही आहे. संगणकवाले ज्याला रिस्टोअर म्हणतात ते काम महाराष्ट्रात चौदाव्या शतकात झालं. बऱ्यापैकी यशस्वी झालं. आणि ते करणाऱ्यांनी आपल्या शंका पुसून टाकल्या नाहीत.

पेटच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीचा पेपर असतो, त्यात ‘साधनांची विश्वसनीयता’ असा एक मुद्दा असतो. तो पाठ करण्यापेक्षा एका खऱ्या गोष्टीतून समजून घेतलेला बरा. पण त्यासाठी आधी बॅकअप म्हणजे नेमकं काय, हे नीट कळायला हवं. म्हणून थोडा वेळ सातशे वर्षं पुढं येऊ.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचं काम आपल्या सर्व्हरवर सांभाळते. तिच्या डेटाबेसचे दोन सर्व्हर होते : एक मुख्य, आणि दुसरा नेटवर्कवरून पहिल्याची सतत नक्कल घेणारा. त्या रात्री ही नक्कल मागं पडायला लागली. एक अभियंता उशिरापर्यंत दुरुस्ती करत बसला होता. नक्कल नव्यानं सुरू करायची म्हणून दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा पुसायचं त्यानं ठरवलं, आणि पुसायचा हुकूम चुकून मुख्य सर्व्हरवर चालला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, हुकूम थांबवला, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

इथवर काही विशेष नाही, अशा चुका होतात. खरी गोष्ट पुढची. बॅकअप शोधायला गेले तर रोज ज्या ठिकाणी प्रत जाऊन पडायची ती जागा रिकामी. कारण प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे प्रत काढण्याचं काम दर वेळी अर्ध्यात बंद पडायचं. बंद पडलं की इशाऱ्याचा ईमेल जायचा, पण त्या ईमेलवर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्यानं घेणारा सर्व्हर तो नाकारायचा. म्हणजे बॅकअप होत नव्हता, आणि होत नाही हे सांगणारी व्यवस्थाही बंद होती. माहिती वाचवण्याचे एकूण पाच मार्ग कागदावर होते. एकही भरवशानं चालत नव्हता. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी, चाचणीच्या सर्व्हरवर टाकायला म्हणून कुणीतरी हातानं काढून ठेवलेली एक प्रत. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. कंपनीनं मात्र एक चांगलं केलं. काय बिघडलं, कोणत्या क्रमानं तपासलं, काय सापडलं नाही, हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं. ते आजही वाचायला मिळतं.

यातून दोन गोष्टी खिशात टाकून ठेवा. एक, प्रत असणं आणि ती परत उभी करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीची परीक्षा घेतल्याशिवाय पहिलीला काही किंमत नाही. दोन, सतत जुळवून घेतली जाणारी नक्कल हा बॅकअप नव्हे. मूळ जागी चूक झाली की नक्कलही ती चूक इमानेइतबारे उचलते.

आता मागं जाऊ.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचा शिष्यपरिवार ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमला. नागदेवाचार्य, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात, त्यांच्याकडे नेतृत्व आलं. तिथं सराळ्याचे म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. सामान्यतः हे काम १२७८ च्या सुमाराचं मानतात. म्हाइंभटांची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. ज्याच्यासमोर प्रसंग घडला त्याच्याकडे जायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, मग ते नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. परंपरा सांगते की एका शेतकऱ्याकडून लीळा मिळवायच्या होत्या आणि त्याला बसायला वेळ नव्हता, तर म्हाइंभट दिवसभर त्याच्या नांगरामागं चालत राहिले. क्षेत्रकामाला जाताना ‘ते भेटलेच नाहीत, सर’ असं सांगणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी!

म्हणजे मूळ ग्रंथातच एक तपासणी होती : साक्षीदार एक, तपासणारा दुसरा. एवढं चोख काम. आणि मग ते गेलं.

तो काळ आठवा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या दोन दशकांत मलिक काफूरच्या मोहिमा झाल्या आणि १३१८ मध्ये यादवांचं राज्य संपलं. रस्ते सुरक्षित राहिले नव्हते. याच धामधुमीत, भटोबासांच्या पश्चात, ‘खालशाच्या धाडीत’ लीळाचरित्राची मूळ पोथी गेली असं पंथाची परंपरा सांगते.

इथं संशोधक म्हणून एक पाऊल टाकून बघा. पोथी गेली आणि ग्रंथ आठवणीवरून पुन्हा लिहावा लागला, एवढीच माहिती आपल्याकडे आहे असं समजा. यावरून काय म्हणता येतं? असं म्हणता येतं की त्या वेळी हाताशी दुसरी पूर्ण प्रत नव्हती. असती तर आठवणीला ताण द्यायची गरजच पडली नसती. प्रत समोर ठेवून नक्कल केली असती. म्हणजे म्हाइंभटांनी माहिती गोळा करण्यात आणि तपासण्यात कसर सोडली नव्हती, पण साठवणीची बाजू कच्ची राहिली होती. गिटलॅबची गोष्ट आणि ही गोष्ट इथं एकमेकींना भेटतात. साधनात ‘दुसरी प्रत नव्हती’ असं वाक्य लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला घटनेच्या पोटातून काढावं लागतं.

मग पुढं काय झालं? ज्यांनी ग्रंथ ऐकला होता, म्हटला होता, पाठ केला होता, त्यांच्याकडे लोक गेले. यात सगळ्यांत मोठं नाव हिराइसेचं. ती नागदेवाचार्यांची शिष्या, आणि एकदा ऐकलेलं विसरत नाही अशी तिची ख्याती. तिच्या आठवणीवरून एक संहिता उभी राहिली. परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावानं ओळखले जाणारे पाठही आहेत. म्हणजे एकाच नष्ट झालेल्या मूळावरून एकापेक्षा जास्त जणांनी रिस्टोअर केलं, आणि या सगळ्यांचं काम नंतरच्या पोथ्यांत एकत्र येत गेलं.

एकत्र करताना त्यांच्यासमोर तोच प्रश्न होता जो तुम्ही तुमच्या गाईडला विचारता : खरं कोणतं? सोपा मार्ग होता. जो पाठ पटेल तो ठेवायचा, बाकीचे टाकायचे, गुळगुळीत ग्रंथ तयार. तसं त्यांनी केलं नाही. एक पाठ मुख्य धरून दुसरा त्याच्या शेजारी नाव घालून, किंवा निदान ‘शोधु’, ‘वासना’ अशी खूण करून लिहिला. ‘वासना’ हा इथला शब्द मला फार आवडतो. आपल्या रोजच्या बोलण्यातल्या अर्थानं घेऊ नका. मनावर उमटून राहिलेला ठसा असा त्याचा जुना अर्थ इथं आहे. कुणाच्या मनावर प्रसंगाचा ठसा कसा उमटला ते त्यात सांगितलं आहे.

आता पाठभेदांकडे पुन्हा बघा. समजा एका लीळेत एक पाठ गावाचं नाव देतो आणि दुसरा नुसतं ‘एका गावी’ म्हणतो. बाकी सगळा प्रसंग, बोलणं, शेवट जुळतो. यातून काय कळतं? प्रसंगाचा गाभा दोन वेगळ्या डोक्यांतून सारखाच बाहेर आला, म्हणजे तो बहुधा मूळ ग्रंथात तसाच होता. गावाचं नाव मात्र डळमळीत आहे. त्यावर नकाशा काढू नका, काढलात तर शंका नोंदवून काढा. पाठभेद तळटीपेत टाकणारा विद्यार्थी ही मोजणी करूच शकत नाही, कारण कशावर किती भार टाकावा हे सांगणारी खूणच त्यानं दूर केलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘हिराइसेचा पाठ’ हे शब्द तळटीपेत गेले की चौदाव्या शतकातल्या एका बाईची आठवण एवढ्या मोठ्या ग्रंथाला आधार म्हणून मान्य झाली होती, हा पुरावाही तळटीपेत जातो. त्या काळातल्या स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे साधनं कमी आहेत अशी आपण तक्रार करतो. आणि हे साधन समोर असताना त्याला ‘पाठभेद’ म्हणून बाजूला सारतो. महदाइसेचे धवळे अभ्यासक्रमात असल्यामुळे तिचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. हिराइसेनं स्वतःचं काव्य रचलं म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचं गद्य जपलं म्हणून तिचं नाव राहिलं, आणि असं काम इतिहासात सहसा निनावी जातं.

आता परभणीकडे येतो. तुम्ही म्हणाल, हे सगळं ऋद्धिपूरचं, आपला काय संबंध? परभणीहून जिंतूरला जाताना बोरी लागते. शिशुपालवधाचा कवी भास्करभट्ट बोरीकर या गावचा, जुनं नाव कासारबोरी. नागदेवाचार्यांनंतर बाइदेवबास आणि त्यांच्यानंतर भास्करभट्ट असा आचार्यपदाचा क्रम पंथात सांगतात. म्हणजे धामधुमीच्या त्याच वर्षांत पंथाची धुरा या बोरीकराकडे होती. पुढं पंथात तेरा आम्नाय, म्हणजे परंपरेच्या शाखा, मानल्या गेल्या. त्यातला कवीश्वर आम्नाय भास्करभट्टांपासून आला, आणि उपाध्ये आम्नायाबरोबर तोच जास्त ठळकपणे टिकला.

आम्नाय हा शब्द तुम्ही धर्मेतिहासात पंथांतर्गत फूट म्हणून वाचला असेल. त्याकडे जरा साठवणीच्या अंगानं बघा. प्रत्येक शाखेचे आपले मठ, आपल्या पोथ्या, आपले पाठ म्हणणारे लोक. संन्यासी एका जागी राहायचे नाहीत, अटन करायचे, आणि त्यांच्याबरोबर पोथ्याही फिरायच्या. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, पुढं पंजाब आणि थेट पेशावर-काबूलपर्यंत हा पंथ पोचला. पंजाबात त्याला जयकृष्णी पंथ म्हणतात. जिथं रोजच्या बोलण्यात मराठी नाही अशा मुलखात मराठी पोथ्या वाचल्या आणि उतरवल्या जात होत्या. एका धाडीत सगळं जाईल ही शक्यता यानंतर उरली नाही. आजचे संगणकवाले तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं आणि त्यातली एक प्रत बाहेरगावी असा ३-२-१ चा नियम सांगतात. महानुभावांकडे कागद आणि कंठ ही दोन माध्यमं होती, आणि बाहेरगाव म्हणाल तर हिंदुकुशाच्या पायथ्यापर्यंत.

पण थांबा, प्रती मोजताना एक फसगत होते. तुम्हाला दहा पोथ्या मिळाल्या आणि दहाही एकाच पोथीवरून उतरवलेल्या असतील, तर साक्षीदार एकच. हे ओळखायचं कसं? सारख्या चुकांवरून. बरोबर मजकूर तर सगळ्यांचाच जुळणार, पण दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच ओळ गाळलेली असेल, तर एकीवरून दुसरी उतरवली आहे किंवा दोघींची आई एक आहे. पाठचिकित्सेचं हे मूळ सूत्र आहे. संगणकातही तेच : मुख्य सर्व्हरच्या दहा नकला म्हणजे दहा बॅकअप होत नाहीत. हिराइसा आणि रामेश्वरबास यांच्या पाठांना जी किंमत आहे ती ते दोन वेगळ्या आठवणींतून आले म्हणून आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरीकाठी, गंगाखेड आहे. जनाबाईचं गाव. इथली साठवणीची रीत अगदी वेगळी, आणि तिच्यातला बिघाडही वेगळा.

जनाबाई लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली, नामदेवांच्या घरात वाढली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवगाथेत मिळतात. ते जगले कीर्तनात, भजनात, जात्यावर. अभंगाला छंद असतो : मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. गाणाऱ्याकडून एखादा शब्द निसटला की लगेच लंगडल्यासारखं होतं, टाळ पकडणाऱ्यालाही कळतं. म्हणजे छंद हीच चूक पकडणारी यंत्रणा. वेदपाठकांनी हेच टोकाला नेलं. जटा आणि घनपाठात शब्द सरळ, उलटे, पुन्हा सरळ असे म्हणतात, त्यामुळे एक शब्द हलला तर पुढची सगळी साखळी अडखळते. संगणकात याला चेकसम म्हणतात. लीळाचरित्र गद्य आहे, त्याला हा आधार नव्हता, आणि म्हणूनच तिथं बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवण्याला एवढं महत्त्व आलं.

पण छंदाची परीक्षा फक्त एवढंच सांगते की ओळ मोडलेली नाही. ती कुणाची आहे हे सांगत नाही. अभंगाच्या शेवटी ‘नामयाची जनी’ अशी मुद्रा घातली आणि छंद सांभाळला की कुठल्याही काळातला कुठलाही अभंग जनाबाईच्या गाथेत सहज शिरू शकतो. चेकसम बरोबर, पण पाठवणारा कोण ते ठाऊक नाही. जनीचे अभंग लिहून घ्यायला खुद्द पांडुरंग बसायचा अशी वारकरी श्रद्धा आहे. श्रद्धा म्हणून ती सुंदरच आहे, आणि दळणकांडण करणाऱ्या बाईच्या शब्दाला समाजानं किती मान दिला हे तिच्यातून कळतं. मात्र लेखनिक कोण, या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात तुम्हाला दुसरीकडे शोधावं लागेल. गंगाखेडच्या परंपरेत मजकूर टिकला आणि मूळ स्रोताची नोंद पातळ झाली; बोरीच्या परंपरेत मजकूर हलला आणि स्रोताची नोंद राहिली. दोन्ही परंपरा आपापल्या जागी थोर आहेत. पण संशोधनासाठी मला विचाराल तर मी दुसरी निवडीन, कारण तिथं चूक कुठं असू शकते हे कळतं.

यात तिसरा मार्ग पैठणला दिसतो. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरवता उतरवता बिघडत गेल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी त्या शुद्ध केल्या आणि यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असा इशाराही शेवटी लिहून ठेवला. काम अफाट आहे, त्यामुळेच आपल्याला एक वाचनीय, स्थिर ज्ञानेश्वरी मिळाली. तरी एक खंत राहते. कोणत्या ओवीसाठी समोर काय काय पाठ होते आणि त्यातला कोणता का निवडला, याची नोंद त्या संहितेबरोबर आली नाही. ग्रंथ दुरुस्त झाला, दुरुस्तीचा कागद मिळाला नाही. त्यामुळेच १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा अभ्यासकांत एवढी खळबळ झाली. नाथांच्या शुद्धीकरणाआधी मजकूर कसा होता, हे पाहायची ती खिडकी वाटली.

महानुभावांनी सगळंच बरोबर केलं असंही नाही. चौदाव्या शतकाच्या मध्याला रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. नागरी अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं आणि चिन्हं योजून केलेली ही सांकेतिक लिपी. पुढं सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या निघाल्या. मजकूर पवित्र राहावा, परक्याच्या हातात जाऊ नये, कुणी त्यात भर घालू नये असे हेतू त्यामागं सांगतात. आजच्या शब्दांत हा कुलूपबंद बॅकअप. फायदा झाला, पोथ्यांत बाहेरच्यांची लुडबुड झाली नाही. तोटा असा की किल्ली पंथापुरती राहिली, आणि साडेपाचशे वर्षं बाहेरच्या कुणाला हा ठेवा वाचताच आला नाही. आत काय आहे हे न कळल्यानं पंथाबद्दल गैरसमजही भरपूर पसरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ही लिपी उलगडली, काही महंतांनी पोथ्या दाखवल्या, आणि मग मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापायला सुरुवात केली, वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढली. किल्ली बाळगणारी परंपरा मधेच खंडित झाली असती तर? पोथ्या शाबूत आणि वाचणारा कुणी नाही, अशी अवस्था. आपल्या भागातले मोडीतले जुने दस्तऐवज आठवून पाहा, म्हणजे ही भीती किती जवळची आहे ते कळेल.

आता तुमच्या टेबलाकडे. क्षेत्रकामाला गेलात की तुम्ही मोबाइलवर पोथ्यांचे, दप्तरांचे फोटो काढता, घरी येऊन लॅपटॉपवर टाकता, आणि ते आपोआप क्लाउडवर जातात म्हणून निश्चिंत होता. क्लाउडवरचं ते आपोआप जुळणं म्हणजे नक्कल आहे. लॅपटॉपवर एक फोल्डर चुकून पुसलंत तर क्लाउडवरूनही जाईल. काही दिवस तिथल्या कचरापेटीत राहील, मग तिथूनही जाईल. म्हणून वेगळी हार्ड डिस्क घ्या, तिच्यावर प्रत काढा, डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि दुसरी एखादी डिस्क गावाकडच्या घरी.

मुख्य म्हणजे परीक्षा घ्या. महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावायची, स्वतःच्या नको. कुठलीही पाच फोल्डरं उघडायची आणि प्रत्येकातल्या मधल्या पानाचा फोटो मोठा करून वाचून बघायचा. फाइल दिसते आणि उघडत नाही, उघडते आणि अर्धं पान राखाडी येतं, हे प्रकार नुसत्या यादीकडे बघून कळत नाहीत. जमत असेल तर मूळ आणि प्रत यांचे एसएचए-२५६ चे आकडे काढून ताडून बघा; फुकट प्रोग्राम मिळतात. एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा पूर्ण बदलतो. बिघाड सापडला की कारण एक-एक करून तपासायचं : आधी केबल बदला, मग पोर्ट, मग संगणक, मग डिस्क. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुटलं ते कळत नाही. मी पाहिलेल्या एका संस्थेत पोथ्यांच्या स्कॅनच्या सीडी कुलपात व्यवस्थित लावून ठेवल्या होत्या, वर नंबरही होते. पण त्या वाचायला लागणारा ड्राइव्ह संस्थेतल्या एकाही संगणकात उरला नव्हता. सकळ लिपीची किल्ली हरवते ती अशीही.

आणि फोटोंबरोबर एक साधी मजकूर फाइल ठेवा : कुठं, कधी, कुणाच्या परवानगीनं काढला, पान कितवं, कोणतं पान सुटलं, आणि नंतर काही दुरुस्त केलं असेल तर काय. म्हाइंभटांना भटोबास होते. तुमच्या तीनशे फोटोंना पाच वर्षांनी तीच फाइल असेल.

विषय अजून ठरला नसेल तर प्रस्तावाआधी एक सराव करून बघा. कोलत्यांची आवृत्ती घ्या आणि पाठभेद असलेल्या वीस लीळा निवडा. तक्त्याला पाच रकाने करा : लीळा, मुख्य पाठ, वेगळा पाठ, तो कुणाच्या नावानं दिला आहे, आणि फरक कशात आहे, म्हणजे गावात, माणसात, क्रमात की बोलण्यात. नाव दिलेलं नसेल तिथं चौथ्या रकान्यात ‘नाव नाही’ असं स्पष्ट लिहा, जागा रिकामी सोडू नका. हा तक्ता घेऊनच गाईडकडे जा, आणि तळटीपेचा प्रश्न त्यानंतर काढा.